रात्री अडीचला फोन कुणाला करायचा?

बालसंगोपन योजनेचा, म्हणजे आईवडिलांचा आधार तुटलेल्या मुलांना घरी सांभाळण्यासाठी राज्य सरकार महिन्याला देतं त्या पैशांचा, हप्ता लांबला की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. एक गट म्हणतो, ४२५ रुपयांचे ११०० झाले, २०२३ मध्ये २२५० झाले, आता सरकारनं आणखी किती द्यायचं? दुसरा म्हणतो, आधी आहेत ते तरी वेळेवर द्या. मग कुणीतरी केंद्राच्या अशाच योजनेचे, मिशन वात्सल्यचे, ४००० रुपये मध्ये आणतं, दोन योजनांची तुलना सुरू होते आणि शेवटी मला टॅग करून विचारतात, "ताई, तिकडे किती देतात?"

तिकडे म्हणजे इंग्लंडमध्ये. मी आणि माझा नवरा इथले फॉस्टर पालक आहोत. ज्या मुलांना काही महिने, कधी कित्येक वर्षं, स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, आमच्यासारख्यांच्या घरी ठेवते. भत्ता आठवड्याला मिळतो. तो आकडा सांगितला की ग्रुपवर "बघा, बघा" होतं आणि विषय संपतो. पैसे पोचल्यावर त्या घरात काय चालतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मुलांबद्दल ओळख पटेल असं काही सांगायला आम्हाला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एवढं सांगते की आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या उशीखाली पोळीचे तुकडे सापडायचे. पोटभर जेवून उठलेलं पोर एक तुकडा खिशात घालायचं. उद्या मिळेल याची खात्री नसलेल्या घरातून आलेली मुलं असं करतात, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं. प्रत्यक्षात मुंग्या झाल्या तेव्हा मात्र माझा आवाज चढलाच. नंतर आम्ही त्याच्या खोलीत बिस्किटांचा डबा ठेवला. तो कधीही उघडायचा, विचारायचं नाही. डबा पहिल्यांदा रोज रिकामा व्हायचा, मग दोन दिवसांनी, मग तो विसरायलाच लागला. यात डॉक्टर कुठेच नव्हता. पण डबा ठेवा, हे सांगणारं कुणीतरी होतं.

इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीखाली ऐंशी हजारांहून जास्त मुलं आहेत, त्यातली दोन तृतीयांश फॉस्टर घरांत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत अशा मुलांपैकी ४५ टक्क्यांना निदान करता येईल असा मानसिक आजार आढळला होता. इतर मुलांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ही गोष्ट इथल्या व्यवस्थेला वीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तिनं त्यावर काय केलं? एक फॉर्म काढला. पंचवीस वाक्यं असतात. "वस्तू इतरांबरोबर वाटून घेतो", "घरातून, शाळेतून चोरतो". खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं, यापैकी एकावर खूण करायची. वर्षातून एकदा आम्ही तो भरतो, त्याची बेरीज होते आणि बेरीज वरच्या कार्यालयात जाते. उशीखालची पोळी चोरीत धरायची का, असं मी एकदा सोशल वर्करला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, तुम्हाला वाटेल ते लिहा.

आकडा वाईट आला तर मुलाला सरकारी बालमानसोपचार सेवेकडे पाठवतात. तिथे रांग असते. रांग संपली की कधीकधी उत्तर मिळतं, "आधी मूल एका घरात स्थिर होऊ द्या, मग उपचार सुरू करू." मूल स्थिर होत नाही म्हणून तर उपचार हवेत! असं उत्तर मिळालेले फॉस्टर पालक मला इथे किती भेटले याची मोजदाद नाही. तेव्हा तिकडे सगळं आलबेल, असा माझा दावा मुळीच नाही.

तरी एक गोष्ट इथे शिकण्यासारखी पाहिली. मॉकिंगबर्ड नावाची पद्धत अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये २००४ साली सुरू झाली आणि २०१५ पासून ब्रिटनमध्ये आली. सहा ते दहा फॉस्टर घरांचा एक गट, आणि मध्ये एक अनुभवी घर. त्या घरातल्या बाईनं फोन उचलायचा, गरज पडली तर एखाद्या रात्री मुलाला आपल्याकडे झोपायला घ्यायचं, महिन्याला सगळ्यांना जमवायचं. आमच्या गटातली ही बाई पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पदवी-बिदवी काही नाही. आईला भेटून आलेलं आमच्याकडचं एक मूल रात्री अडीचला बूट घालून जिन्यात बसलं आणि काही केल्या उठेना, तेव्हा कौन्सिलच्या रात्रपाळीच्या नंबरावर विचारलं गेलं, "मूल सुरक्षित आहे ना?" आहे म्हटल्यावर सोमवारी फोन करायला सांगितलं. या बाईनं सांगितलं, "बूट काढ म्हणू नकोस. तूही जिन्यात जाऊन बस, बोलू नकोस." बसले. तासाभरानं ते आपणहून झोपायला गेलं.

आता गावाकडे येते. आपल्याकडे परक्याच्या घरी मूल ठेवणं अजून फार थोडं आहे. २०२४ मध्ये केंद्रानं नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही फॉस्टर पालक होता येईल असं ठरवलं. त्यावर "एकट्या माणसाच्या हाती पोर कसं द्यायचं" म्हणून चर्चा झाली, ती तेवढ्यावरच थांबली. खरं संगोपन आपल्याकडे आजी करते. कोविडमध्ये आईवडील गेले, आजीकडे. बाप गेला आणि आई मजुरीला पुण्यात, आजीकडे. बीडमध्ये ऊसतोडीला टोळी निघाली की सहा महिने आजीकडे. या आजीला कुणी फॉस्टर पालक म्हणत नाही, तिलाही तसं वाटत नाही. नातवंडं आहेत, सांभाळायचीच.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली. चांगलंच केलं. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली ती मुलं आता दाढी-मिशी फुटायच्या वयाची झालीत. ठेव बँकेत आहे. राग, गप्प बसणं, शाळा बुडवणं घरात आहे. आणि साठी उलटलेली आजी, जिनं स्वतःचा मुलगा गमावलाय, त्या सगळ्यासमोर एकटी आहे. तिचं दुःख तर कुठल्याच अर्जात बसत नाही.

इंग्लंडमधली आजीही फार सुखात नाही. नातवंडांचं कायदेशीर पालकत्व घेतलेल्या आजी-आजोबांसाठी आणि दत्तक घेतलेल्या कुटुंबांसाठी उपचारांचा एक निधी आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं त्यात एका मुलामागची मर्यादा वर्षाला पाच हजार पौंडांवरून तीन हजारांवर आणली. उपचार मध्यावर असलेल्या कुटुंबांचं काय, यावर बराच आरडाओरडा झाला. आरडाओरडा करायला निदान काहीतरी होतं, एवढाच फरक.

ग्रुपवरचा आणखी एक लाडका विषय टाळता येत नाही. "तिकडे सरकार आपली पोरं काढून घेतं." २०११ मध्ये नॉर्वेत आणि २०२१ मध्ये बर्लिनमध्ये भारतीय कुटुंबांची मुलं फॉस्टर केअरमध्ये गेली, त्याचा संदर्भ असतो. बर्लिनच्या मुलीसाठी २०२३ मध्ये ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. मुलीची भाषा, तिचं जेवण, तिचा धर्म हरवतोय, हा मुद्दा मला पटतो. मूल परक्या घरी वाढताना त्याची भाषा तुटणं हीसुद्धा मनाची जखमच आहे, आणि इथली व्यवस्था ती पुरेशी मोजत नाही. पण मुलाची भाषा आणि घर एवढं महत्त्वाचं असेल तर बीडहून पुण्याच्या बालगृहात गेलेल्या मुलासाठीही ते असायला हवं. त्याच्यासाठी पत्र लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. देशाची इभ्रत गुंतली की आपल्याला बालमन आठवतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाचं पद असतं, एक. बीड जिल्ह्यात तालुके अकरा. त्या एका माणसानं प्रत्येक मुलाला समोर बसवून बोलतं करावं, ही अपेक्षा ठेवणारे लोक बीडमध्ये एसटीनं फिरलेले नसावेत. त्यानं बारा-पंधरा आज्यांना, मावश्यांना तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा एकत्र बसवलं तर? बचत गटाच्या बैठकीची सवय आपल्या बायकांना आहेच. त्यांच्यातल्याच एका अनुभवी बाईला थोडं शिकवायचं, मानधन द्यायचं, फोनचं रिचार्ज द्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. तो तिला पाठ असायला हवा, कारण काही गोष्टी तिच्या आवाक्याबाहेरच्या असतील आणि तिथे डॉक्टरच लागेल.

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा एका काकांनी विचारलं, "या बाईला मानधन किती द्यायचं?" मी म्हटलं, आशा सेविकेला देता तेवढं तरी द्या, आणि वेळेवर द्या. त्यावरून वाद परत हप्त्यावर गेला. आशांचे पैसे थकलेत का नाहीत, यावर अजून चालू आहे.