‘दुकान’ या शब्दाबद्दल, आणि थोडं प्लॅनबद्दल

आर्किटेक्टने आपल्या कामाची वेबसाइट कशी करावी यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘लंबरेषा’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. मी काही लपवलं असं नको म्हणून आधी ती देतो:

“सर, दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःचं दुकान बघा. पहिला फोटो उघडेपर्यंत माझा चहा संपला. आठ प्रकल्पांत मिळून एक प्लॅन नाही, नुसते संध्याकाळचे दिवे. ही साइट आर्किटेक्टची की फोटोग्राफरची? मुंबईची कांचनजंगा इमारत काय फोटोवरून कळते? कॉम्प्युटरवर केलेली रेंडर आणि खरे फोटो शेजारी शेजारी लावलेत, कुठलं काय ते लिहिलेलं नाही. आणि मिरजेच्या घराचा जिना ज्यांनी सोडवला त्यांची नावं कुठे आहेत?”

‘सर’ म्हणून हात जोडायचे आणि पाचव्या शब्दाला दुकान काढायचं, ही पद्धत मला नवी आहे.

पंचवीस वर्षं सांगलीत प्रॅक्टिस करतोय. आर्किटेक्टने जाहिरात करू नये, असं आमच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८९च्या नियमांत आहे. ऑफिसबाहेरच्या नावाची अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत, इतक्या बारकाईने. माझी पाटी मी पट्टी लावून करून घेतली, साडेनऊची. रंगारी म्हणाला, “साहेब, रस्त्यावरनं दिसायची नाही.” म्हटलं, नाही तर नाही. अशा माणसाला तुम्ही दुकानदार म्हणता. दुकानदारीत वाईट काही नाही, माझे आजोबा किराणाच विकायचे. पण तुम्ही तो शब्द कौतुकाने वापरलेला नाही, एवढं मला कळतं.

फोटोचं मात्र मान्य. एकही फोटो ३०० केबीच्या वर नको असं मीच लेखात लिहिलं, आणि माझ्याच पहिल्या पानावर ६ एमबीचा फोटो होता. फोटोग्राफरने दिलेली फाइल भाच्याने जशीच्या तशी चढवली होती. काल ती दोन हजार पिक्सेल रुंदीची केली, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये घेतली, २८० केबी झाली, आणि डोळ्याला काडीचा फरक नाही. चूक ती चूक. फक्त ६ एमबीत संपणारा चहा म्हणजे अगदीच कटिंग असणार.

आता प्लॅन. तुम्ही एका ओळीत उडवून दिलंत, मला जरा वेळ लागेल.

आमचं ड्रॉइंगचं ए-वन शीट ८४१ मिलिमीटर रुंद असतं. उभ्या धरलेल्या फोनचा स्क्रीन साधारण ७० मिलिमीटर. म्हणजे शीट बारा पट आक्रसलं. १:१००चा, म्हणजे एका मीटरला एक सेंटिमीटर धरून काढलेला प्लॅन तिथे १:१२०० होतो. १२ मीटर रुंदीचं घर बरोब्बर एक सेंटिमीटरचं, आणि नऊ इंची भिंत ०.२ मिलिमीटरची. अडीच मिलिमीटर उंचीची अक्षरं, म्हणजे ‘स्वयंपाकघर’, ‘देवघर’, तीही तेवढीच, ०.२. बघा वाचता येतात का. दोन बोटांनी मोठं करा म्हणाल, तर दार दिसतं तेव्हा घर दिसत नाही आणि घर दिसतं तेव्हा दार. माझ्या साइटवर येणारी बहुतेक माणसं फोनवरूनच येतात.

आणि ती माणसं कोण? मिरजेच्या घराचे मालक हळदीचे व्यापारी. मार्केट यार्डात गादीवर बसून, एका हाताने पोत्यातला नमुना चोळत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ते माझी वेबसाइट सरकवत होते, मी समोर बसलेलो. अंगठा थांबला तो एका सोप्याच्या फोटोवर, वरच्या झरोक्यातून जमिनीवर ऊन पडलेलं. विचारलं, “हे उन्हाळ्यात तापत नाही?” आता मला सांगा, हा प्रश्न फोटोचा आहे का? हा सेक्शनचा, म्हणजे घर उभं कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगचा प्रश्न आहे. तो त्यांनी फोटो बघून विचारला, आणि मग मी बिलाच्या मागे सेक्शन काढून दाखवला. प्लॅन समोर बसून समजावायचा असतो. वेबसाइटने माणूस समोर आणून बसवावा, इतकंच तिचं काम.

कांचनजंगाचंही तेच. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची ती इमारत १९८३ची, प्लॅन २१ मीटरचा चौरस, उंची ८४ मीटर, आणि आतली घरं एकमेकांत कशी अडकवली आहेत ते सेक्शनशिवाय कळत नाही. कबूल. पण तो सेक्शन शोधायला तुम्हाला कोणी पाठवलं? कोपऱ्यात कापून काढलेल्या त्या दुमजली गच्चीच्या फोटोनेच ना?

वेबसाठी प्लॅन वेगळा काढावा, असं आता म्हणाल. काढता येतो, मला माहीत आहे. भिंती काळ्या भरायच्या, मापं आणि दरवाजांचे नंबर उडवायचे, चार खोल्यांची नावं मोठी टाकायची. एका घराला दीड दिवस जातो. कोणी द्यायचा तो? ऑफिसातली मुलं महापालिकेच्या परवानग्यांच्या फायलींत मानेपर्यंत बुडालेली आहेत.

शिवाय हे मी करून बसलोय. २००७ साली हौसेने फ्लॅशमध्ये, हलत्या वेबपानांच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये, साइट केली होती. अकरा घरांचे प्लॅन, बाण खोलीवर नेला की ती खोली उजळायची. आयफोनवर ती साइट कधी उघडलीच नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने फ्लॅशच संपवलं, तेव्हापासून ते अकरा प्लॅन मलासुद्धा दिसलेले नाहीत. तुम्ही तेव्हा बहुधा शाळेत असाल.

आणि ड्रॉइंगचं प्रेम कोणी मला शिकवू नये. १९९८ साली डिग्री झाल्यावर नळकांड्यात अमोनिया प्रिंटा, म्हणजे ड्रॉइंगांच्या तेव्हाच्या प्रती, भरून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो. खंबाटकी घाटात पाऊस. नळकांडं गाडीच्या टपावर, झाकण कुठेतरी पडलेलं. सकाळी एका ऑफिसात ओल्या प्रिंटा टेबलावर उलगडल्या, तर कडेची जांभळी शाई माझ्या शर्टाच्या बाहीला. त्या गृहस्थांनी एका सेक्शनवर बोट ठेवलं, “यातलं तुझं काय?” विचारलं आणि नोकरी दिली. तिथे चौदा महिने वर्किंग ड्रॉइंगं काढली. त्यातल्या एका इमारतीचा दर्शनी भाग पुढे मासिकात छापून आला. माझं नाव कुठेही नव्हतं. मी काही कोणाला पत्र लिहायला गेलो नाही. तेव्हा तशी पद्धतच होती, आणि माझं त्यात काही अडलं नाही.

रेंडरचं म्हणाल, तर ज्याला बघता येतं त्याला ते कळतं. झाडाची सावली एका दिशेला आणि माणसाची दुसऱ्या, यात लिहायचं काय?

नावांचा मुद्दा ऑफिसच्या आतला आहे, तो इथे चघळायची गरज नाही. ‘आमची टीम’ या पानाचं काम चालू आहे.

एक गोष्ट मात्र प्रतिक्रिया तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आली. मिरजेच्या घराचा जिना माझ्या एकाही फोटोत दिसत नाही. मुद्दामच घेतलेला नाही, कारण मधल्या लँडिंगला बीम आडवा आला होता आणि तिथे दोन पायऱ्या फिरवून डोक्यावरची उंची काढावी लागली. ती युक्ती कागदावर कोणी सोडवली हे मला, ठेकेदाराला आणि तेव्हा ऑफिसात असलेल्या दोघांना ठाऊक आहे. ठेकेदार मराठीत टाइप करत नाही.

तुम्ही त्या दोघांपैकी असाल तर सरळ फोन करायचा होता. नंबर तोच आहे.