विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षात रुजू होताना

संशोधकाला पहिल्याच दिवशी बसायला सांगू नका. बसला की तो प्रश्न विचारतो, आणि एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्याला दुसरा सुचतो, स्वभावच तसा. त्याला खिडकीबाहेर उभा ठेवा आणि मान वर न करता विचारा, "शाखा कोणती?" तो "मानव्यविद्या" म्हणाला की मग मान वर करा आणि थोडं हळहळल्यासारखं बघा. विज्ञानवाल्याकडे निदान प्रयोगशाळा असते, प्रकल्पाचा निधी असतो, त्याचे गाईड वरच्या मजल्यावर थेट फोन लावू शकतात. अहिराणी लग्नगीतांवर काम करणाऱ्या पोरीकडे काय असतं? एक कापडी पिशवी, तिच्यात झेरॉक्स, आणि परतीच्या गाडीची घाई.

ही घाई तुमच्या फार कामाची आहे. नंदुरबारचा संशोधक दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत रेल्वेने जळगावला येतो. धडगाव-अक्कलकुव्याचा आधी सातपुडा उतरतो, मग एसट्या बदलत बसतो. तो खिडकीशी पोचतो तेव्हा जेवणाची सुट्टी झालेलीच असते. सुट्टी संपल्यावर साहेब मीटिंगला जातात. साहेब येईपर्यंत त्याची गाडी निघायची वेळ होते. मग तुम्ही फक्त "उद्या या" एवढंच म्हणायचं. ते "उद्या" धडगावच्या माणसाला केवढ्याला पडतं, याचा विचार तुम्ही करायचा नाही. तो विषय समाजशास्त्र विभागाचा.

कागदावर बघाल तर एका संशोधकाच्या दिमतीला केवढा फौजफाटा! अधिष्ठाता, उपकुलसचिव, सहाय्यक कुलसचिव, कक्ष अधिकारी, वरिष्ठ सहाय्यक, कनिष्ठ सहाय्यक, लेखा विभाग, ग्रंथपाल, शिपाई. विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती यायची असली की हा सगळा तक्ता रंगीत छापून भिंतीवर लागतो, वर ठळक अक्षरांत "संशोधक सहाय्य कक्ष". तक्त्यातल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या आहेत आणि उरलेल्यांवर अतिरिक्त कार्यभार आहे, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. भरती काही निघत नाही, निवृत्त्या मात्र वेळेवर होतात. तेव्हा कनिष्ठ तुम्हीच, वरिष्ठही तुम्हीच, आणि परीक्षांच्या हंगामात गठ्ठे मोजायलाही तुम्हीच. हे गाऱ्हाणं खिडकीबाहेर जाऊ देऊ नका. तुम्हीही आपल्यासारखेच अडकलेले आहात हे संशोधकाला कळलं तर तो चहा पाजेल, "भाऊ, तुमचंही अवघडच आहे" म्हणेल, आणि अशा माणसाच्या अर्जात त्रुटी काढताना हात जड होतो.

त्रुटी हा आपल्या कामाचा गाभा. नवशिका कर्मचारी उत्साहाच्या भरात सगळ्या त्रुटी एकाच पत्रात लिहून देतो. असं करू नका. एका खेपेला एकच त्रुटी. आधी फोटोवर सही नाही. मग सही आहे, पण शिक्का अर्धवट. मग शिक्का पूर्ण आहे, पण तो महाविद्यालयाचा, संशोधन केंद्राचा नव्हे. महाविद्यालय आणि केंद्र एकाच इमारतीत, प्राचार्यही तेच, शिक्के मात्र दोन. अशाने फाईल जिवंत राहते.

नियम तोंडपाठ हवेत, फक्त तोंडातून बाहेर पडता कामा नयेत. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम एकदा नीट वाचून घ्या. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि दिव्यांगांना त्यावर दोन वर्षांची सवलत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लेकराला कडेवर घेऊन मुदतवाढीचा अर्ज लिहिणाऱ्या बाईला हे सांगितलंत तर ती ते मागेल, आणि एकीने मागितलं की उद्या दुसरी मागेल. याच नियमांनी प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आणायची सक्तीही काढून टाकली. तरी आपल्या फॉर्मवर तो रकाना आहे. फॉर्म छापून झालेत. आता रकाना आहे म्हटल्यावर तो भरायला नको का?

शीर्षकाकडे विशेष लक्ष असू द्या. आपल्या शाखेत विषय कुठलाही असो, शेवटी "एक चिकित्सक अभ्यास" येतंच, आणि त्यामागे "विशेष संदर्भ : जळगाव जिल्हा". आरआरसीच्या, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीच्या, इतिवृत्तात "चिकित्सक" असेल आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर "समीक्षात्मक" आलं, तर घाबरून न जाता प्रकरण पुढच्या आरआरसीपुढे ठेवा. पुढची आरआरसी कधी, असं कोणी विचारलं तर मागची कधी झाली ते सांगा. माहिती दिल्याचं समाधान दोघांनाही मिळतं.

एखादा तापट इतिहासवाला मध्येच धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचं नाव काढेल. त्यांनी म्हणे कुणाची सही न घेता मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. शांतपणे विचारा, "त्यांचं शिक्षण किती?" बी.ए. म्हटलं की विषय संपला. पेटचा, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा, अर्ज छाननीतच बाद. १९२६ साली ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे जुने कागद सांभाळून आहे. कागद सांभाळणं हे तर आपलंही काम. तिथे मागितलेला कागद सापडतो, एवढाच काय तो फरक.

वाङ्मयचौर्य तपासणी ग्रंथालयाकडे आहे, पण तुम्हाला तिची गंमत माहीत हवी. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, असा २०१८ चा नियम. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मराठी प्रबंध त्या यंत्राला इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसतो. त्यामुळे पानंच्या पानं उचललेली असली तरी साम्य शून्य, आणि उचलणारा पेढे घेऊन हजर. ती लग्नगीतांवाली पोरगी मात्र प्रामाणिकपणे युनिकोडमध्ये टाईप करते. तिने गावोगाव फिरून गोळा केलेली गाणी आधी कुणी कुठे छापलेली असली की यंत्राला ती चोरी वाटते. अवतरणचिन्हांतला, संदर्भ दिलेला मजकूर वगळून मोजावं असंही नियमात आहे. पण त्यासाठी एका चौकटीत टिचकी मारावी लागते, आणि "ते आमच्याकडे नाही."

फेलोशिपचं टेबल मिळालं तर मात्र तुमचं नशीब उघडलं. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ फेलोशिपचे, महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनंतर एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,००० कुणाच्याही शिफारशीशिवाय खात्यावर पडतील, असं दिल्लीला वाटतं. पण पोर्टलवर दर महिन्याला विद्यापीठाचा "मेकर" नोंद करतो आणि "चेकर" ती मंजूर करतो. मेकर हजर असतो तेव्हा चेकर रजेवर, चेकर आला की मेकर निवडणुकीच्या ड्युटीवर. महिना उलटतो, संशोधकाच्या खोलीचं भाडं थकतं, आणि मग तो खिडकीशी येऊन काकुळतीला येत म्हणतो, "भाऊ, मनी फाईल कोठे शे?" अहिराणी ऐकून विरघळू नका. शुद्ध मराठीत सांगा, "प्रक्रियेत आहे." आकस्मिक खर्चाचं अनुदानही पहिली दोन वर्षं मानव्यविद्येला वर्षाला १०,००० आणि विज्ञानाला १२,०००. गावं पालथी घालणाऱ्याला दोन हजार कमी का, असं तुम्हाला कधी वाटलंच, तर घरी जाऊन वाटू द्या.

आता एक सावधगिरीची गोष्ट. अशा कक्षांत कधीकधी एखादं कंत्राटी पोरगं येतं. पगार तुटपुंजा, ओळखपत्रही धड नाही. पण पोर्टलचा पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. अशाच एकाने मागे नोंदणीपासून मौखिक परीक्षेपर्यंतची सगळी कागदपत्रं, कोणती फाईल कुणाकडे जाते आणि तिथे किती दिवस राहते, हे सगळं एका कागदावर लिहून खिडकीशेजारी चिकटवलं. गर्दी ओसरली. फोन वाजेनासे झाले. माणसं एकाच खेपेत पुरी कागदपत्रं आणू लागली, आणि टेबलांवर बसलेले एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. साहेबांच्या ताबडतोब लक्षात आलं की हे असंच चाललं तर उद्या कुणी विचारेल, इथे तुम्ही सगळे करता काय? भिंत विद्रूप झाल्याच्या कारणावरून कागद काढण्यात आला. पोराचं कंत्राट मार्चअखेर संपलं ते संपलंच. कोणती फाईल कुठे आहे हे आता फक्त शिपाई आप्पांना माहीत आहे, आणि ते येत्या वर्षी निवृत्त होताहेत.

बेबाकी प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे काही देणं उरलेलं नाही या दाखल्याबद्दल, थोडक्यात. ग्रंथालय, वसतिगृह, जिमखाना आणि प्रयोगशाळा, चारही सह्या हव्यात. मराठीच्या संशोधकाने प्रयोगशाळेत काय फोडलं असणार, हा प्रश्न अडाणीपणाचा आहे. काही फोडलेलं नाही हे प्रयोगशाळेनेच लिहून द्यायला नको का?

मौखिक परीक्षेच्या दिवशी मात्र मोठ्या मनाने हजर राहा. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्या राहण्याची सोय "विभाग करतो", आणि विभाग म्हणजे कोण, हे संशोधकाला त्याच्या गाईडने आधीच सांगितलेलं असतं. हिवाळा असेल तर भरिताची पार्टी ठरलेलीच. बामणोदची हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, भरपूर तेल, सोबत पुऱ्या. तिथे पहिली पंगत अध्यक्षांची आणि परीक्षकांची, दुसरी आपली. गीतं सांगणाऱ्या म्हाताऱ्या गावाहून आल्या असतील तर त्या तिसऱ्या पंगतीला बसतील, त्यांना घाई नसते.

पीएच.डी. मिळाल्याची अधिसूचना निघाली की संपलं, असं समजू नका. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास नसलेल्याला तासिका तत्त्वावर शिकवायला अर्ज करायचा असला, तरी आपली पीएच.डी. यूजीसीच्या नियमांप्रमाणेच झाली आहे असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नोंदणी नियमित होती का, परीक्षक बाहेरचे होते का, मौखिक परीक्षा खुली झाली का, असं मुद्द्यामागून मुद्दा. ते देणार कोण? आपणच. तेव्हा माणूस परत येतो, या वेळी नावाआधी डॉक्टर लावून. त्याला पूर्ण मानाने वागवा. "नमस्कार डॉक्टरसाहेब," म्हणा. "अर्ज आवकला द्या आणि नंबर घेऊन या. आज आवकवाल्या मॅडम रजेवर आहेत."