मध्यस्थाविना काम मिळते का? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांना कंत्राटी माणसे पुरवणाऱ्या एजन्सीला वगळून थेट कंपन्यांकडून काम मिळवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : थेट काम आधीपासून ओळखीपाळखी असलेल्यांनाच मिळते; मोठ्या कंपन्या एकट्या माणसाला व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणी, देत नाहीत; एजन्सी निदान दरमहा पैसे देते, कंपनी मात्र बिल नव्वद-नव्वद दिवस अडकवून ठेवते; आणि असे लेख वाचून दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची मुले हातची नोकरी सोडतात. यातला पैशांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावर मी अधिक लिहिणार आहे.

आधी ओळखीचा मुद्दा. एजन्सीकडे जे काम येते ते तोवर ‘जागा’ झालेले असते. कोणीतरी गरज कागदावर मांडलेली असते, मनुष्यबळ विभागाने मंजुरी घेतलेली असते, पदाला नाव आणि पगाराला मर्यादा ठरलेली असते. अशा जागेसाठी आपण परस्पर अर्ज केला तर तो एजन्सीकडेच वळवला जाणार, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मी ज्या कामाविषयी लिहिले ते याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यावरचे आहे : गरज आहे, खर्च करायची तयारीही आहे, पण तिची जागा झालेली नाही आणि बहुधा कधी होणारही नाही.

माझे क्षेत्र यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचे असल्यामुळे उदाहरण तिथलेच देते. भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात विशेष यंत्रे बनवणारे असंख्य मध्यम कारखाने आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ‘टेक्निकल रायटर’ असे पदच नसते. यंत्र पाठवायच्या आठवड्यात डिझाइन विभागातला एखादा अभियंता मागच्या यंत्राची फाइल उघडतो, नाव आणि चित्रे बदलतो आणि पुस्तिका झाली असे जाहीर करतो. देशातल्या ग्राहकाच्या बाबतीत हे खपून जाते. यंत्र युरोपात जाणार असेल तर मात्र पुस्तिका हा सीई चिन्हाच्या, म्हणजे तिथे माल विकण्यासाठी लागणाऱ्या सुरक्षाखुणेच्या, अटींचाच भाग असतो. २००६ च्या युरोपीय यंत्र-निर्देशानुसार ती यंत्रासोबत द्यावी लागते आणि ज्या देशात यंत्र विकले जाईल तिथल्या अधिकृत भाषेत असावी लागते. त्या निर्देशाची जागा घेणारे २०२३ चे नवे विनियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहेत. त्यांत डिजिटल पुस्तिकेला मुभा आहे, तरी खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितल्यास छापील प्रत विनामूल्य द्यावी लागेल. म्हणजे निर्यात करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आपल्या जुन्या फाइली कधीतरी उघडून पाहाव्या लागणारच आहेत. हे काम नोकरीच्या संकेतस्थळावर झळकत नाही. ते निर्यात विभागाच्या प्रमुखाच्या डोक्याला ताप म्हणून अस्तित्वात असते.

तो माणूस शोधायला ओळख लागत नाही. बंगळूरुच्या इमटेक्ससारख्या यंत्रांच्या प्रदर्शनात भाग घेणाऱ्या कंपन्यांची यादी सर्वांना खुली असते, त्यांतल्या कोणत्या कंपन्या युरोपात माल पाठवतात हे त्यांच्याच संकेतस्थळावर अभिमानाने लिहिलेले असते आणि पुष्कळदा जुन्या पुस्तिकाही तिथेच ठेवलेल्या सापडतात. त्या वाचाव्यात. एका पुस्तिकेत सातव्या पायरीला ‘मागचे दार उघडावे’ असे होते, आठव्या पायरीला ‘पट्टा सैल करावा’, आणि मुख्य वीजपुरवठा बंद करण्याची सूचना त्या दोन्हींच्या खाली चौकटीत छापलेली होती. वाचणाऱ्याचा हात यंत्रात गेल्यावर सूचना त्याच्या नजरेस पडणार! असे एकच पान नीट लिहून, सूचना पायरीच्या आधी आणून, ते डिझाइनप्रमुखाला चार ओळींच्या पत्रासह पाठवले, तर त्या पत्राला बायोडेटापेक्षा कितीतरी जास्त उत्तरे येतात. बायोडेटा आला की तो मनुष्यबळ विभागाकडे ढकलला जातो. आपल्याच पुस्तिकेतले सुधारलेले पान मात्र माणूस वाचतोच. एका पानापलीकडे फुकट काही करू नये, हेही इथेच नोंदवते.

व्हेंडर कोडबाबत आपण म्हणता ते मोठ्या कंपन्यांपुरते खरे आहे. तिथे मागच्या वर्षांचे ताळेबंद मागतात, उलाढालीची अट घालतात आणि एकटा माणूस चाळणीतच गळतो. म्हणून मी तिथे जातच नाही. जिथे पर्चेस ऑर्डरवर मालक किंवा कारखानाप्रमुख स्वतः सही करतो, तिथे पॅन, रद्द केलेला धनादेश, उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) आणि गोपनीयतेचा करार एवढ्यावर काम भागते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, त्यामुळे सुरुवातीला ती नसली तरी नियमात अडत नाही. काही खरेदी अधिकारी तरीही ती मागतात, तेव्हा हा नियम त्यांना शांतपणे सांगावा लागतो.

आता पैसे. कंपन्या बिले रखडवतात, हे मी कशाला नाकारू? परंतु एजन्सी वेळेवर पैसे देते तेव्हा ती कंपनीच्या उशिराचा भार स्वतः उचलते आणि त्याची किंमत आपल्या दरातून वसूल करते, एवढे लक्षात घ्यावे. तो भार स्वतः उचलायचा असेल तर हातात कोणती साधने आहेत ते पाहिले पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे बिल लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. करारात ‘९० दिवस’ असे छापले असले तरी कायदा त्या अटीला जुमानत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. एकट्याने काम करणारी व्यक्तीही उद्यम पोर्टलवर विनामूल्य नोंदणी करू शकते, मात्र ही नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी. बिल थकल्यावर धावाधाव करून केलेल्या नोंदणीचा भरवसा धरता येत नाही.

याच्या जोडीला २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात घातलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूद आहे, जिला लेखापाल मंडळी ‘फॉर्टीथ्री बी एच’ म्हणून ओळखतात. मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची करपात्र उत्पन्नातून वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. तिच्याविषयी उत्साहाने पुष्कळ लिहिले गेले, पण तिचा खरा जोर आर्थिक वर्षाच्या अखेरीसच जाणवतो : जूनमधले बिल डिसेंबरमध्ये दिले तरी वजावट त्याच वर्षात बसते, त्यामुळे लेखाविभाग निश्चिंत असतो, जानेवारीचे बिल ३१ मार्चच्या पलीकडे गेले तर मात्र कर वाढतो. म्हणून मोठ्या कामाचे टप्पे आखताना शेवटचे बिल जानेवारीत पडेल असे पाहणे शहाणपणाचे ठरते. लहान उद्योगांच्या थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करून प्रकरण अशा वादांचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेपुढे नेता येते, पण ते चालू ग्राहकाशी संबंध तुटण्याच्या तयारीनेच करावे.

माझा अधिक भर दुसऱ्या एका साधनावर आहे आणि ते मूळ लेखात संक्षेपाने आले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकराने नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मालकाचा असतो, परंतु स्वतंत्र कंत्राटावर लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो आणि तो लेखी हस्तांतर केल्याशिवाय जात नाही. करारात ‘अंतिम रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ एवढे एक वाक्य असले की लेखाविभागाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. शिवाय काम घेण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून त्या कंपनीचे ताळेबंद पाहता येतात, आणि त्यांत सूक्ष्म व लघु उपक्रमांची थकीत देणी वेगळी दाखवणे कंपनीवर बंधनकारक असते. तो आकडा पाहून काम नाकारता येते. कोणत्या ग्राहकाकडे जायचे हे एजन्सीने ठरवले असते तर ती सोय उरली नसती.

एजन्सीमार्फत सध्या जिथे काम चालू आहे त्याच ग्राहकाला तिच्या पाठीमागे गाठावे, असे मात्र मी कुठेही सुचवलेले नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार अवैध ठरवते, याचा आधार घेऊन कोणी ‘आम्हाला कोण अडवणार’ असे म्हणत असेल, तर कराराची मुदत चालू असताना ते कलम त्याच्या मदतीला येईलच असे नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो ग्राहक एजन्सीने मिळवलेला आहे.

राहिला तरुण मुलांचा प्रश्न. दोन वर्षांच्या अनुभवावर नोकरी सोडून हे करू नये, यावर आपले एकमत आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आणि पहिल्या ग्राहकाने दुसरे काम आपणहून देईपर्यंत नोकरी सोडू नये, असे मला वाटते. नोकरीत असताना बाहेरचे काम घ्यायचे तर नेमणूकपत्रातली त्यासंबंधीची अट आधी वाचावी, कारण बहुतेक पत्रांत ती असते. ती नडत असेल तर लेखी परवानगी मागावी, आणि परवानगी मिळाली नाही तर तेवढा काळ कंपन्यांच्या याद्या करण्यात आणि पुस्तिका वाचण्यात घालवावा. त्याला कोणत्याही नेमणूकपत्राची आडकाठी नाही.