फॉर्म स्लो आहे? थांबा, अजून स्लो करू

पायथनमधला वेब फॉर्म रखडतोय ना, मग पहिली गोष्ट, मोजायचं अजिबात नाही. कोड कुठे वेळ खातो ते मोजणारं सीप्रोफाइल पायथनसोबत फुकटच येतं, आणि फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे कोण विचारतं. त्यापेक्षा व्हॅलिडेशनमधला एक फॉर लूप काढून लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (तोच लूप, एका ओळीत) टाका, काही मायक्रोसेकंद वाचतील आणि उद्याच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगला, सांगायला एक वाक्य मिळेल.

आता खरी कलाकारी. जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, ऑर्डरचा फॉर्मसेट करा, म्हणजे एका पेजवर तोच फॉर्म २० ओळींत, प्रत्येक ओळीत कस्टमरचा मॉडेलचॉइसफील्ड, म्हणजे टेबलमधून भरलेला ड्रॉपडाउन. टेबलमध्ये ४०,००० कस्टमर आहेत? झकास! जँगो बिचारा प्रत्येक ओळीसाठी तीच क्वेरी नव्याने मारतो, म्हणजे एका पेजवर ८ लाख ऑप्शन टॅग, आणि युजरला हवं असतं त्यातलं एक नाव. एवढ्यावर थांबू नका हां, ऑप्शनमध्ये दिसणारा मजकूर बनवणाऱ्या मॉडेलच्या एसटीआर मेथडमध्ये कस्टमरच्या नावापुढे फॉरिन कीवरून, म्हणजे दुसऱ्या टेबलमधून, शहराचं नाव पण जोडा आणि दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत आणणारं सिलेक्ट रिलेटेड लावायला मुद्दाम विसरा, की झाली प्रत्येक ऑप्शनमागे अजून एक क्वेरी. डेटाबेसवाल्याचा फोन आला तर उचलू नका. जँगोच्या तयार अ‍ॅडमिनमध्ये ऑटोकम्प्लीट फील्ड्स २०१७ च्या जँगो २.० पासून आहेत, पण टाइप करून शोधण्यात काय मजा, स्क्रोल करू दे की युजरला.

फॉर्ममधून येणारे पॅरामीटर १,००० च्या वर गेले की जँगो ४०० एरर देतो. ती मर्यादा सर्व्हर कोणी मुद्दाम बंद पाडू नये म्हणून आहे, तुम्ही सेटिंगमध्ये नन (None), म्हणजे मर्यादाच नाही, असं लिहून मोकळे व्हा.

फाइल अपलोडचं पण तसंच. २.५ एमबीच्या वरची फाइल जँगो मेमरी वाचावी म्हणून टेंपररी डिस्कवर ठेवतो, आपण चंक्स, म्हणजे तुकड्यातुकड्याने वाचणं, वगैरेच्या भानगडीत न पडता एका रीडमध्ये अख्खी परत मेमरीत ओढायची. मग त्यातल्या ओळी एकेक करून सेव्ह. सगळ्या ओळी एकदम टाकणारं बल्क क्रिएट आळशी लोकांसाठी.

आणि मेल? सबमिट झाल्या झाल्या, तिथल्या तिथे, मागच्या मागे कामं करणारी सेलरीबिलरी काही नको. मेल सर्व्हर उत्तर देईपर्यंत युजर गोल फिरणारं चक्र बघत बसेल, वैतागून बटण अजून दोनदा दाबेल आणि तीन ऑर्डर पडतील. आमच्या एका प्रोजेक्टवर अस्संच झालं होतं, महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ऑर्डर वाढल्या म्हणून टाळ्या पडल्या, मी पण वाजवल्या.