94 वर अडकलेलं नेट आणि आमच्याकडून सांगितला गेलेला चुकीचा रीसेट: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, दोन स्टार दिलेत आणि चार गोष्टी लिहिल्यात. प्लॅन 300 एमबीपीएसचा (हे नेटच्या वेगाचं माप, पुढचे वेगाचे आकडे त्यातलेच) असून राउटरच्या शेजारी बसून पण 94 च्या वर जात नाही, आतल्या बेडरूममध्ये रात्री व्हिडिओ कॉल अडकतो, आमच्याकडे फोन केला तर "रीसेट मारा" सांगितलं आणि त्यानंतर दीड दिवस नेट पूर्ण बंद, आणि चौथी म्हणजे राउटरच्या बॉक्सवर 1200 लिहून आम्ही फसवलं. दुकान माझं आहे त्यामुळे उत्तर मीच लिहितोय, थोडं लांब होईल पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय तर दोन ओळींत "क्षमस्व, आमच्याशी संपर्क साधा" टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

आधी रीसेटचं, कारण त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. चूक शंभर टक्के आमची. फोनवर जो मुलगा होता त्याला म्हणायचं होतं रीस्टार्ट, म्हणजे स्विच बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू करायचा. तो बोलला रीसेट, आणि तुम्ही बरोब्बर तेच केलंत, पिन घालून ते बारीक बटण लाइट चमकेपर्यंत दाबून धरलंत. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमचं कनेक्शन पीपीपीओईचं आहे म्हणजे कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या आत भरावा लागतो, तो पण पुसला गेला, मग लाल लाइट येणारच. ते युजरनेम बसवतानाच एका कागदावर लिहून तुमच्याकडे द्यायला हवं होतं, ते पण आम्ही दिलं नाही. तुमच्या दोन मीटिंग बुडाल्या त्या मी परत आणू शकत नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता ते 94. तुम्ही लिहिलंय की सकाळी 94, दुपारी 93, रात्री परत 94, आणि मला खरं तर तिथेच शंका आली. वायफाय कमजोर असेल तर आकडा असा एका जागी थांबत नाही, तो 40 होतो, 120 होतो, नाचत राहतो. रोज 94 ला अडकतोय म्हणजे वाटेत कुठेतरी वायर 100 वर चालतेय, कारण 100 ची लिंक असली की डेटाच्या प्रत्येक पॅकेटसोबत जाणाऱ्या जादा माहितीचं ओझं वजा जाऊन स्पीड टेस्टला साधारण 94-95 च दिसतात. तुमच्या मॉडेलचे सगळे पोर्ट गिगाबिट म्हणजे 1000 पर्यंतचे आहेत, म्हणून मग तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला राउटरच्या मागचा फोटो मोठा करून बघितला. फायबरच्या डब्यातून येणारी केबल निळ्या पोर्टमध्ये आहे, ते बरोबर आहे. पण तिचा कनेक्टर पारदर्शक आहे आणि त्यात नीट बघितलं तर कडेची तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नाहीये, बाकी सात पुढे भिडल्यात आणि ही एक मागे राहिलीय. गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात, 100 ला मात्र केशरी आणि हिरव्या जोडीच्या चारच पुरतात, त्यामुळे तपकिरी तुटली तरी नेट बंद पडत नाही, दोन्हीकडची यंत्रं गुपचूप 100 वर उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. फोटोवरून छातीठोक सांगत नाही पण 94 चा आकडा आणि ती तार दोन्ही एकच गोष्ट सांगतायत. तो कनेक्टर आमच्याच माणसाने क्रिम्प केलेला, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला. लाइट लागला, नेट आलं, आणि तो निघाला. स्पीड टेस्ट करूनच निघायचं असा आमच्याकडे नियम आहे, तो पाळला गेला नाही.

बेडरूमच्या बाबतीत मात्र थोडं तुमचं थोडं आमचं आहे. राउटर टीव्हीच्या मागे आडवा ठेवलेला दिसतोय, टीव्हीच्या मागच्या बाजूला धातू असतो, त्यातून सिग्नल नीट बाहेर पडत नाही. त्याला बाहेर काढून उंचावर मोकळ्या जागी ठेवा, अँटेना उभ्या करा, उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा चहूबाजूंना पसरतो म्हणजे त्याच मजल्यावरच्या खोल्यांना मिळतो. वायफायचे दोन बँड असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 5 गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण भिंतीला लवकर हार मानतो, तुमच्या बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि मध्ये टाइल्सचं बाथरूम आहे, तिथे फोन 2.4 वर उतरतो. आणि 2.4 म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांचं एकच अंगण, एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच, 1, 6 आणि 11, त्यात रात्री सगळे घरी. आम्ही बसवताना तुमचा 11 ला लावून चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवली होती, रीसेटने ते पण ऑटोवर गेलं असणार.

रीपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, का दिला नाही असं पण तुम्ही विचारलंय. मुद्दाम नाही दिला. साधा रीपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यात स्पीड जवळपास अर्धा होतो, आणि तो जिथे सिग्नल आधीच मेलाय अशा खोलीत लावला तर फोनवर काड्या फुल दिसतात आणि नेट तसंच रडतं. तुमच्या घरात हॉलमधून बेडरूमपर्यंत एक केबल टाकून दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून नेट घेऊन तिथे वायफाय देणारा डबा, बसवणं हाच खरा उपाय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण आधी राउटर जागा बदलून बघू, कदाचित गरजच पडणार नाही.

1200 वर एवढंच सांगतो की तो आकडा खोटा नाही पण त्याने गैरसमज होतो हे मला मान्य आहे. ती 2.4 चे 300 आणि 5 चे 867 यांची बेरीज करून वर ढकललेली संख्या आहे, फोन एका वेळी एकाच बँडवर असतो आणि हा सगळा फोन ते राउटर मधला हवेतला वेग, नेटचा नाही. प्रत्यक्षात 5 वर जवळ बसून तुमचे 300 आरामात निघायला हवेत. काउंटरवर विकताना हे सांगणं आमचं काम होतं, तुम्हाला बॉक्स वाचून अंदाज बांधायला लागला. हे मी आजपासून स्वतः सांगणार आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये पण दुसऱ्या फोटोत दिसली म्हणून सांगतो. रीसेटनंतर तुमचं नेटवर्क राउटरच्या स्टिकरवरच्या नावानेच चालू आहे, आणि त्याच फोटोत स्टिकरवरचा पासवर्ड पण स्पष्ट वाचता येतोय. कृपया तो फोटो आधी काढून टाका. मग ॲपमधून वायफायचा पासवर्ड बदला, राउटरमध्ये शिरायचा ॲडमिनचा पासवर्ड पण वेगळा ठेवा, सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 निवडा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याच्या आठ आकडी पिनमधली कमजोरी 2011 पासून जगजाहीर आहे. जमलं नाही तर राहू द्या, मी आल्यावर करतो, पण फोटो मात्र आजच काढा.

तुम्हाला जमेल त्या वेळी मी स्वतः येतो, माणूस पाठवत नाही. नवीन केबल, क्रिम्पिंगचं साहित्य आणि लॅपटॉप सोबत असेल, आधी वायर लावून स्पीड बघू, मग प्रत्येक खोलीत तुमच्याच फोनवर, आणि सगळे आकडे कागदावर लिहून तुमच्या हातात देतो, पीपीपीओईच्या युजरनेमसकट. यातल्या कशाचेही पैसे घेणार नाही. वायरवर 300 च्या आसपास आलं नाही आणि दोष राउटरचा निघाला तर राउटर परत घेऊन जाईन. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही, तुम्ही लिहिलेलं खरं आहे. फक्त मी येईपर्यंत लाइट कोणत्याही रंगाचा झाला तरी ते पिनवालं बटण दाबू नका, स्विच बंद-चालू करा आणि मला फोन करा, बिलावर नंबर आहे तो माझाच आहे.