कुणाला सांगणार नाही ना?

"ताई, सांगितलं तर कुणाला सांगणार नाही ना?"

नऊ वर्षांची मुलगी. दप्तराच्या पट्ट्याचा सुटलेला धागा ती बोटाभोवती गुंडाळत होती, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मी तेव्हा आठवड्यातून एकदा मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायचे. पटकन म्हणून गेले, "नाही गं, कुणालाच नाही. शपथ."

मग तिनं सांगितलं. घरातला एक माणूस तिला पट्ट्यानं मारायचा, आणि वळ कपड्यांत झाकले जातील अशाच जागी मारायचा.

हे पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. रात्रभर घालमेल झाली आणि दुसऱ्या दिवशी मी वर्ग चालवणाऱ्यांना सांगितलं. पुढची चक्रं फिरली, तिला मदत मिळाली. पण त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. मोठी माणसं शब्द पाळत नाहीत हे तिला आधीच ठाऊक होतं, त्यात मी भर घातली. ते मला आजही बोचतं.

त्या वेळी आलेल्या समाजसेविकेनं मला काय म्हणायला हवं होतं ते शिकवलं. "हे गुपित ठेवेन असं मी नाही सांगू शकत. पण तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन." मुलाला गुपिताचं वचन द्यायचंच नाही.

बालसंरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अनोळखी माणूस येतो. अनोळखी माणसानं काही दिलं तर घेऊ नकोस, एवढं बजावलं की आपण निर्धास्त. प्रत्यक्षात मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा ओळखीतले असतात. नात्यातले, शेजारचे, शिकवणारे, घरात ज्यांना कुणी कधी अडवत नाही असे. आणि लैंगिक अत्याचाराची सुरुवात बऱ्याचदा 'वाईट स्पर्शा'नं होतच नाही. आधी लाड होतात. भेटवस्तू, खास वागणूक, "तू बाकीच्यांसारखी नाहीस". मग एक छोटंसं गुपित, "हे आपल्या दोघांतच हं". ते पचलं की पुढचं पाऊल. म्हणून चांगला-वाईट स्पर्श शिकवायच्या आधी घरात एक नियम हवा असं मला मनापासून वाटतं : मोठ्यांची गुपितं मुलांनी सांभाळायची नसतात. वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी फुटणारच असते, ती चालेल. जे कायमचं लपवायला सांगितलं जातं, ते लगेच येऊन सांगायचं. आणि शरीराच्या प्रत्येक अवयवाला खरं नाव द्या. ज्याला घरात शब्दच नाही, त्याबद्दल मूल तक्रार तरी कशी करणार?

मारहाण निदान दिसते. सततचा पाणउतारा दिसत नाही. आणि दुर्लक्ष, म्हणजे वेळेवर जेवण नाही, आजारपणात औषध नाही, मूल कुठे आहे याची विचारपूस नाही, त्याला तर आपण 'त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून मोकळे होतो.

न दिसण्याचं कारण पुष्कळदा आपल्यातच असतं. १९६२ मध्ये अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर एक निबंध लिहिला. एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या वेळी मोडलेली आणि जुळत आलेली हाडं स्पष्ट दिसत असूनही डॉक्टरांना संशय घेणं जड जात होतं, कारण आईबाप असं करतील हे मनाला पटतच नव्हतं.

आणि व्हिक्टोरिया क्लिंबिए. आठ वर्षांची. चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी तिला आयव्हरी कोस्टहून नात्यातल्या बाईबरोबर पाठवलं होतं. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण होते. समाजकल्याण विभाग, पोलीस, दोन रुग्णालयं, सगळ्यांपर्यंत ती पोहोचली होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालानं तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्याचं दाखवलं. बारा! प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे शेजारी शेजारी ठेवायला कुणी बसलं नाही.

म्हणूनच "खात्री नसताना कसं बोलायचं, उगाच कुणावर आळ आला तर?" या प्रश्नावर मी ठाम आहे. ही भीती खोटी नाही. पण आपण निवाडा करायला निघालेलो नसतो. आपल्याला खटकलेलं आपण कळवायचं, शहानिशा करणं ज्यांचं काम आहे ते करतील. उलट आपणच मुलाला खोदून खोदून विचारलं, "अमक्यानंच केलं ना?" असं त्याच्या तोंडात घातलं, तर पुढची चौकशी बिघडते. संशयिताला जाऊन जाब विचारणं तर फारच धोक्याचं. आपण तावातावानं बोलून घरी येतो, मूल मात्र त्या रात्री त्याच छपराखाली असतं. मुलानं सांगितलं की शांतपणे ऐकायचं, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणायचं, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी कळवायचं. मी दुसरा दिवस उजाडू दिला, तसं करू नका.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करार मंजूर केला. त्यातलं एकोणिसावं कलम मुलांना हिंसा आणि दुर्लक्षापासून संरक्षण देतं. बाराव्या कलमात मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे. मला ही दोन कलमं वेगळी वाटतच नाहीत. ज्या घरात "मोठ्यांना उलट बोलायचं नाही" हाच पहिला आणि शेवटचा नियम असतो, तिथलं मूल मोठ्या माणसाविरुद्ध तोंड उघडेल कसं?

त्या मुलीनंतर वर्षभरानं एका मुलानं मला तोच प्रश्न विचारला. तेच शब्द, नजर तशीच जमिनीकडे. या वेळी मी समाजसेविकेनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, गुपित ठेवेन असं सांगू शकत नाही म्हणाले. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि काही न बोलता खेळायला निघून गेला. माझ्या पोटात गोळा आला.

पुढच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर तो मागे थांबला. "आधी मला सांगशील ना नक्की?" एवढं विचारून घेतलं, आणि मग बोलायला लागला.