दीड टन आणि चिऱ्याची भिंत

आमच्या आबांना एसी नकोच होता. समुद्राचा वारा फुकट येत असताना गार हवा विकत घ्यायची म्हणजे दारात विहीर असून बाटलीतलं पाणी आणण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. पण मे महिन्यात रत्नागिरीत जे येतं त्याला घाम म्हणत नाहीत, आपण हळूहळू विरघळत असतो, तर गेल्या वर्षी आईने जाहीर केलं की एसी आला नाही तर मी माहेरी लांज्याला जाते. लांजा काय थंड हवेचं ठिकाण आहे का, हे विचारायची हिंमत घरात कोणाला नव्हती म्हणून मुकाट्याने शोरूममध्ये गेलो.

समोर विशी-बाविशीचा पोरगा, त्या उकाड्यात टाय लावून. "या काका, हा बघा, फाईव्ह स्टार." आबा म्हणाले स्टारचं काय असतं? "जेवढे स्टार जास्त तेवढं गार जास्त. थ्री स्टार नॉर्मल, फाईव्ह स्टार म्हणजे एकदम महाबळेश्वर." आता स्टार हे विजेच्या बचतीचे असतात, त्याच स्टिकरवर वर्षाला किती युनिट जाणार तो आकडाही छापलेला असतो, हे मला माहीत होतं. पण महाबळेश्वर ऐकून आईचा चेहरा असा काही उजळला की मी गप्प बसलो. (ही माझी पहिली चूक, पुढे अजून आहेत.)

मग आबांनी खरी शंका काढली. "बाळा, हा दीड टनाचा म्हणतोस. आमची भिंत जुनी, चिऱ्याची. दीड टन पेलेल?"

इथे तो हसला असता तर विषय मिटला असता. टन म्हणजे गारव्याचं माप, पूर्वी एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्यावरून धरलेलं, यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. आतलं युनिट नंतर एका माणसाने शिडीवर उभं राहून टांगलं. पण पोरगा हसला नाही. एक सेकंद थांबला, एसीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, आता लाईटवेट टेक्नॉलॉजी आलीय. सगळं वजन बाहेरच्या युनिटला टाकलंय." बाहेरचं युनिट स्लॅबवर जाणार होतं. आबांना एकदम पटलं.

आणि मग आलं इन्व्हर्टर. "हा इन्व्हर्टर एसी आहे." आबांचे डोळे चमकले. आमच्याकडे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात लाईट गेली ती पाचव्या दिवशी आली, तेव्हापासून इन्व्हर्टर हा शब्द त्यांना देवासारखा आहे. "म्हणजे लाईट गेली तरी चालेल?" पोरग्याने स्टिकरकडे बघितलं, आबांकडे बघितलं. "हो काका, इन्व्हर्टरच आहे ना." मी बी.कॉम. आहे, मलाही ते खरंच वाटलं.

जूनच्या पहिल्या वादळात रात्री नऊला लाईट गेली आणि एसी टक्कन बंद. आबा म्हणाले थांबा, इन्व्हर्टर सुरू व्हायला वेळ लागत असेल. मग आम्ही तिघं अंधारात एसीकडे तोंड करून बसलो, आबा दर दोन मिनिटांनी रिमोट दाबतायत, डास आपलं काम करतायत, आई काही बोलत नव्हती आणि तेच जास्त भीतीदायक होतं. वीस मिनिटांनी मी मोबाईलवर शोधलं. इन्व्हर्टर एसीत बॅटरी नसते. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होण्याऐवजी गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने फिरतो, त्याने वीज वाचते, बस.

दुसऱ्या दिवशी शोरूम. "खोटं बोललास मेल्या," आबा दारातूनच. पोरगा खरोखर गोंधळला. "काका आईशप्पथ, मला काय माहीत? मी एप्रिलपर्यंत मिक्सरला होतो."

आता यात मला प्रामाणिकपणे अडकायला होतं. खोटं बोलायला खरं काय ते ठाऊक तरी पाहिजे ना. याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि थाप त्याने शोधलीसुद्धा नाही, आबांनी प्रश्नातच उत्तर बांधून दिलं, याने फक्त मान हलवली. पण मग राग का जात नाही? तर त्याला एसीचं माहीत नसेल, आपल्याला माहीत नाही हे तर माहीत होतं! "विचारून सांगतो" एवढं म्हणायला काय जातं? मी आजवर कुठल्या दुकानात हे वाक्य ऐकलेलं नाही.

आतेभाऊ वकील आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तोंडी दिलेली खोटी माहितीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथेत येते, कर तक्रार. मी उत्साहात. मग म्हणतो, तो बोलल्याचं रेकॉर्डिंग आहे? नाही. पावतीवर काय लिहिलंय? पावतीवर लिहिलं होतं 'इन्व्हर्टर स्प्लिट एसी'. म्हणजे अक्षरन् अक्षर खरं. विषय संपला.

यंदा एप्रिलमध्ये आमच्या हापूसच्या पेट्या निघाल्या. चाळीस कलमं आहेत, ओळखीतल्यांना पाठवतो. साका म्हणजे काय हे बागायतदाराला सांगायला नको. वरून फळ केशरी, देखणं, आणि कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर. नुसत्या डोळ्यांनी बघून ते कोणालाच कळत नाही, आबांनासुद्धा नाही, आणि आबा साठ वर्षं आंबे बघतायत. गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईंनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला तर आबा फोनवर म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाडीतून उतरवताना पेटी उलटी धरली असणार."

तर परवा दुपारी फोन आला. तोच पोरगा. साहेबांना दोन डझन द्यायचेत, चांगले द्या. मग जरा थांबून, "दादा, साका नाही ना निघणार?"

लाईट गेलेली होती. एसी भिंतीवर बंद. आबा समोर पेंढ्यात आंबे लावत होते, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"छे रे," मी म्हटलं, "एकही नाही. गॅरंटी."